बिभा चौधुरींचं नोबेल खरंच चोरलं गेलं का?

आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या वर्षी एक मेसेज आला होता. पाठवणाऱ्याचं नाव लिहीत नाही, तो हे वाचणारच आहे. मेसेजचा आशय असा, की बिभा चौधुरी नावाच्या बंगाली मुलीने पायॉन नावाचा कण शोधून काढला, एका इंग्रज शास्त्रज्ञाने तिची पद्धत उचलली आणि १९५० चं नोबेल स्वतःच्या खिशात घातलं. शेवटी तिरंगा, हात जोडलेले आणि ‘प्रत्येक भारतीयापर्यंत पोचवा’. खाली सतरा जणांनी अंगठे दाखवले होते. मग कुणीतरी लिहिलं, “आपल्या ग्रुपवर फिजिक्सच्या मॅडम आहेत, त्यांनी सांगावं खरं की खोटं.”

मी तेव्हा काहीच लिहिलं नाही. तीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं, पण हे नाव मी एकदाही वर्गात घेतलं नव्हतं. घेणार कसं, मलाच ते माहीत नव्हतं. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा ठरवलं की शाळेच्या आठवणी सगळेच लिहितील, आपण ती राहिलेली उत्तरपत्रिका पूर्ण करावी.

आधी नावाचं बघू. बिभा म्हणजे आपली विभा. बंगालीत ‘व’चा ‘ब’ होतो म्हणून बिभा. अर्थ तोच, तेज. त्यांचा जन्म १९१३ साली कलकत्त्यात झाला. वडील डॉक्टर, आई ब्राह्मो समाजी घरातली. त्या समाजात मुलींना शिकवण्याची रीत होती, त्यामुळे घरातून अडवणूक नव्हती. १९३६ साली कलकत्ता विद्यापीठातून त्या भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्या, तेव्हा वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या.

पुढे संशोधन करायचं म्हणून त्या प्राध्यापक देवेंद्रमोहन बोस यांच्याकडे गेल्या. हे जगदीशचंद्र बोसांचे भाचे. असं सांगतात, की मुलींना देण्याजोगं काम आपल्याकडे नाही, असं बोस आधी म्हणाले होते. पण बिभा चौधुरी हटल्या नाहीत. १९३७ च्या नोव्हेंबरात जगदीशचंद्र गेले, दुसऱ्या वर्षी देवेंद्रमोहन बोस इन्स्टिट्यूटचे संचालक झाले आणि त्यांच्याबरोबर बिभा चौधुरीही तिथे गेल्या.

आता त्या काळात भौतिकशास्त्रात काय चाललं होतं ते थोडक्यात सांगते. ज्यांनी आठवीनंतर विज्ञान सोडलं त्यांनीही वाचा, अवघड नाही. अणूच्या केंद्रकात प्रोटॉन असतात. सगळे धन भाराचे, म्हणजे एकमेकांना ढकलणारे. तरी ते एकत्र राहतात कसे? १९३५ साली जपानच्या युकावा यांनी सुचवलं की त्यांना बांधून ठेवणारं एक वेगळं बल असावं आणि त्या बलाबरोबर येणारा एक कण असावा, इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशे पट जड. दोन वर्षांत विश्वकिरणांमध्ये, म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर सतत कोसळणाऱ्या कणांच्या पावसात, तेवढ्याच वजनाचा एक कण अमेरिकेत सापडला. सगळ्यांना वाटलं, हाच तो. त्याला मेसोट्रॉन म्हणू लागले. १९३९ मध्ये होमी भाभांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की यातला ‘ट्र’ व्युत्पत्तीला धरून नाही, मेसॉन म्हणा. आज जग मेसॉनच म्हणतं. शब्दाच्या शुद्धलेखनावरून एका मुंबईकराने जगाला दुरुस्त केलं, हे आपल्या मराठीच्या सरांना आवडेल.

हे कण पकडायचे कसे, हा प्रश्न होता. १९३७ साली व्हिएन्नाच्या मारिएटा ब्लाऊ आणि हेर्टा वाम्बाखर या दोघींनी इन्सब्रुकजवळच्या डोंगरावर, सुमारे २,३०० मीटर उंचीवर, फोटोग्राफिक प्लेट्स कित्येक महिने नुसत्या ठेवून दिल्या. कॅमेरा नाही, भिंग नाही. विश्वकिरणातला कण प्लेटवरच्या रसायनाच्या थरातून गेला की वाटेतले चांदीचे कण बिघडवत जातो. प्लेट धुतली की त्या वाटेवर काळ्या ठिपक्यांची ओळ उमटते. या दोघींना एका प्लेटवर एकाच बिंदूतून चहूकडे फुटलेल्या ओळी दिसल्या. विश्वकिरणाने एका अणुकेंद्रकाच्या ठिकऱ्या उडवल्याचं ते चित्र होतं. ब्लाऊ ज्यू होत्या. १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं आणि त्यांना देश सोडावा लागला. श्रोडिंगर यांनी पुढे त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं, मिळालं नाही. आपल्या ग्रुपवर त्यांच्याबद्दल मेसेज येत नाही, कारण त्या आपल्या नव्हेत.

१९३८ च्या जानेवारीत कलकत्त्यात भारतीय विज्ञान काँग्रेसचं रौप्यमहोत्सवी अधिवेशन भरलं. रदरफर्ड अध्यक्ष म्हणून यायचे होते, पण तीन महिने आधीच ते वारले. तरी परदेशातून बरीच मंडळी आली. त्यांत जर्मनीचे बोथे होते आणि त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातून देवेंद्रमोहन बोसांच्या डोक्यात हा प्लेट्सचा विषय शिरला. महागडं यंत्र लागत नाही, लागतो तो उंच डोंगर, आणि हिमालय तर अंगणात. प्लेट्स दार्जिलिंगला ठेवल्या, सात हजार फुटांवर. मग संदकफूला, बारा हजार फुटांवर. आपल्यापैकी तिघे तिथे ट्रेकला जाऊन आलेत, त्यांना ती थंडी आठवत असेल. आणि त्याहून वर तिबेटात, फारी जोंगला, चौदा हजार फुटांच्याही वर. महिनोन्महिने त्या तिथे राहायच्या, मग खाली कलकत्त्याला आणून धुवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्या.

इथून पुढचं काम कसलं होतं याची कल्पना यावी म्हणून आपल्या प्रयोगशाळेतला तो कुलूपबंद कपाटातला एकुलता एक सूक्ष्मदर्शक आठवा. कांद्याची साल बघायला पन्नास जणांची रांग, प्रत्येकाला अर्धं मिनिट. बघून झालं की आपण जागेवर जाऊन पुस्तकातली पेशी जर्नलमध्ये उतरवायचो आणि बाई त्यावर लाल रेघ मारायच्या. “हे पुस्तकातलं आहे, तुला काय दिसलं ते काढ.” मला तर बहुतेक वेळा स्वतःच्याच पापण्या दिसायच्या. बिभा चौधुरी असा सूक्ष्मदर्शक घेऊन दिवसचे दिवस बसत होत्या. पिकल्या केसाहून कितीतरी बारीक ओळी शोधायच्या, ओळीतले ठिपके मोजायचे, दोन ठिपक्यांतलं अंतर मोजायचं, ओळ कुठे किती वळली तो कोन मोजायचा, वहीत लिहायचं, प्लेट थोडी सरकवायची.

या मोजणीतून कणाचं वजन निघतं, ते असं. कण वेगात असेल तर ठिपके विरळ पडतात, मंदावला की दाट. म्हणजे ठिपक्यांच्या दाटीवरून वेग कळतो. शिवाय वाटेतल्या अणूंचे धक्के खात कण जात असतो, त्यामुळे त्याची वाट किंचित वाकडीतिकडी होते. खडीच्या रस्त्यावर त्याच वेगाने एक सायकल आणि एक भरलेला ट्रक गेला तर हँडल कुणाचं जास्त भरकटेल? सायकलचं. तसंच इथे. वेग सारखा असताना जो जास्त भरकटला तो हलका. दाटी आणि वाकडेपणा, दोन्ही एकत्र धरले की वजनाचा अंदाज येतो.

१९४० ते १९४२ या काळात बोस आणि चौधुरी या जोडनावाने लंडनच्या ‘नेचर’मध्ये एकामागून एक पत्रं छापून आली. त्यांतलं १९४१ चं पत्र याच पद्धतीवर आहे. मेसोट्रॉनचं वजन फोटोग्राफीने काढण्याची रीत त्यात दिली आहे आणि उत्तर आलं आहे इलेक्ट्रॉनच्या दोनशे पटींच्या आसपास. जगात महायुद्ध पेटलेलं, साधने बेताची, आणि फोटोग्राफीच्या दुकानात मिळाव्यात तशा प्लेट्स. तरी उत्तर बरोबर जागी आलं.

मेसेज इथेच थांबतो आणि थेट १९५० वर उडी मारतो. मधली नऊ वर्षं महत्त्वाची आहेत.

पहिली अडचण अशी की मेसॉन एक नव्हता, दोन होते. अमेरिकेत सापडलेला तो युकावांचा कण नव्हताच. त्याला आज म्यूऑन म्हणतात, वजन इलेक्ट्रॉनच्या २०७ पट. युकावांचा खरा कण पायॉन, वजन २७३ पट. पायॉन जन्मतो आणि सेकंदाच्या एक कोट्यांशाहूनही कमी वेळात मरतो, मरताना त्याचा म्यूऑन होतो. बोस-चौधुरींच्या प्लेट्सवर या दोघांच्याही ओळी असणं शक्य आहे. पण त्यांच्याकडच्या प्लेट्स ‘हाफ-टोन’ जातीच्या होत्या, त्यांत ठिपके विरळ पडत. मोजणीतली चूकभूल इतकी मोठी राहायची की २०७ आणि २७३ वेगळे काढता येणार नाहीत. ‘फुल-टोन’ प्लेट्स हव्या होत्या. युद्धामुळे त्या हिंदुस्थानात मिळेनात. काम तिथे थांबलं.

युद्ध संपल्यावर इंग्लंडमध्ये इलफर्ड कंपनीने खास या कामासाठी नव्या प्लेट्स बनवल्या, चांदीच्या संयुगाचं प्रमाण कितीतरी वाढवून. त्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या सेसिल पॉवेल यांच्या गटाला मिळाल्या. त्यांनी त्या फ्रान्समधल्या पिक दु मिदी या शिखरावर ठेवल्या, नंतर बोलिव्हियात चाकाल्टायावर. ब्रिस्टलला सूक्ष्मदर्शकावर बसायला मुली नेमल्या होत्या. त्यांतल्या मारिएटा कुर्झ या मुलीला एक ओळ अशी दिसली, की एक कण येऊन थांबला आहे आणि जिथे थांबला तिथूनच दुसरा निघाला आहे. पायॉन मेला आणि म्यूऑन झाला, तो क्षण प्लेटवर उमटला होता. म्यूऑनची ती वाट अर्ध्या मिलिमीटरहून थोडी मोठी, एवढीच. १९४७ च्या मे महिन्यात ते ‘नेचर’मध्ये आलं. पॉवेल यांचं १९५० चं नोबेल प्लेट्सची ही पद्धत विकसित करण्याबद्दल आणि तिने लावलेल्या मेसॉनच्या शोधांबद्दल आहे.

मग चोरी झाली का? माझं उत्तर, नाही. दोन वेगळे मेसॉन आहेत हे बोस-चौधुरींनी म्हटलेलं नव्हतं, त्यांच्या प्लेट्सवरून म्हणता येणारही नव्हतं. जे दिसलं तेवढंच त्यांनी लिहिलं. पॉवेल यांनीही लपवाछपवी केली नाही. पुढे १९५९ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर या पद्धतीवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात बोस आणि चौधुरी यांच्या १९४१ च्या कामाचा उल्लेख आहे. त्यांच्या पद्धतीचा भौतिक पाया बरोबर होता आणि ओळीच्या वाकडेपणावरून कणाची गती मोजण्याच्या दिशेने ते पहिलं पाऊल होतं, असा त्याचा अर्थ. चोर असं लिहून ठेवत नाही.

पण मेसेजवर माझा खरा राग वेगळ्याच कारणासाठी आहे. चोर ब्रिस्टलमध्ये आहे म्हटलं की आपल्या घरात काय झालं ते बघावं लागत नाही. आणि बिभा चौधुरींचं संशोधन १९४२ ला संपलं असंही वाटतं. ते संपलं नव्हतं. ते पुढे जवळजवळ पन्नास वर्षं चाललं.

१९४५ साली त्या मँचेस्टरला गेल्या, पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत. ब्लॅकेटना १९४८ चं नोबेल मिळालं, म्हणजे जागा अव्वल. तिथे त्यांनी प्लेट्स सोडल्या आणि नवा विषय धरला. एकच जबरदस्त विश्वकिरण हवेवर आदळून लाखो कणांचा जो सडा खाली पडतो, त्यात खोलवर घुसणारे कण किती आणि कोणते, हा त्यांच्या डॉक्टरेटचा विषय. तिथल्या एका वर्तमानपत्राने त्यांची मुलाखत छापली, मथळा असा की भारताच्या या नव्या शास्त्रज्ञ बाईंची विश्वकिरणांवर नजर आहे. मुलाखतीत त्यांनी स्त्री भौतिकशास्त्रज्ञ इतक्या थोड्या असल्याबद्दल खंत बोलून दाखवली.

१९४९ साली भाभांनी त्यांना मुंबईला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतलं. तिथल्या त्या पहिल्या स्त्री संशोधक. संस्था तेव्हा नेव्ही नगरला नव्हती. पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यातून त्याच वर्षी ती गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात हलली होती. सहलीला गेटवेपुढे आपण रांगेत उभं राहून फोटो काढला, तेव्हा पाठीमागच्या त्या दगडी इमारतीकडे कुणी बोट दाखवून सांगितलं असतं तर! १९५७ पर्यंत त्या तिथे होत्या. मधे १९५४ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात जाऊन आल्या. १९५५ साली त्याच संस्थेत एम. जी. के. मेनन रुजू झाले. मेनन पॉवेल यांचे ब्रिस्टलचे विद्यार्थी. म्हणजे जिने १९४१ साली ती पद्धत मांडली ती आणि ज्याने ती नोबेलवाल्या गुरूकडून शिकली तो, दोघे दोन वर्षं मुंबईत एकाच छपराखाली होते. त्यांच्यात यावर काय बोलणं झालं असेल, हे ऐकायला मी काहीही दिलं असतं.

त्यानंतर अहमदाबाद, विक्रम साराभाईंची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा. तिथून कोलारच्या सोन्याच्या खाणीतले प्रयोग. वर डोंगरावर जे शोधलं ते आता जमिनीच्या पोटात, कारण एवढा खडक भेदून जे कण खाली पोचतात ते फार मोठ्या ऊर्जेचे. तिथल्या म्यूऑनच्या झुंडींवर त्यांनी काम केलं, विद्यार्थी घडवले. मग माउंट अबूला नवा प्रयोग करायचा, कणांच्या सड्याबरोबर रेडिओलहरी निघतात का ते पाहायचं, असं त्यांच्या मनात होतं. १९७१ च्या डिसेंबरअखेर साराभाई अचानक गेले. तो प्रयोग पुढे सरकला नाही. त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि कलकत्त्याला परत गेल्या.

निवृत्तीनंतर माणूस काय करतो हे आपल्याला आता चांगलं ठाऊक झालंय. साखर तपासतो, नातवंडांना क्लासला सोडतो. बिभा चौधुरी साहा इन्स्टिट्यूट आणि इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स इथल्या लोकांबरोबर काम करत राहिल्या. १९९० पर्यंत त्यांचे निबंध छापून येत होते. २ जून १९९१ ला त्या वारल्या. देशातल्या तीन मोठ्या विज्ञान अकादम्यांपैकी एकीनेही त्यांना फेलो निवडलं नव्हतं. राष्ट्रीय पुरस्कार नाही. त्यात ब्रिस्टलचा काही हात नव्हता.

हरवण्याचं एक बारीकसं कारणही सांगते. इंग्रजीत त्यांचं आडनाव निरनिराळ्या स्पेलिंगने छापलेलं आढळतं. एका बाईचं काम असं तीन-चार बायकांत वाटलं गेल्यासारखं दिसतं. लग्नानंतर आपल्या किती मैत्रिणींना या संमेलनासाठी शोधून काढताना आयोजकांची दमछाक झाली ते आठवा, म्हणजे कळेल.

२०१८ साली राजिंदर सिंग आणि सुप्रकाश रॉय या दोघांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे नाव वर आलं. आपल्या ग्रुपवरच्या मेसेजचं मूळही बहुधा तिथेच, फक्त वाटेत हात बदलता बदलता त्यात चोर शिरला. दुसऱ्या वर्षी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने देशोदेशींना एकेका ताऱ्याला नाव द्यायला सांगितलं. भारताच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याला ‘बिभा’ हे नाव मिळालं, त्याच्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाला ‘सांतमस’.

तो तारा सिंह राशीच्या खाली, सेक्स्टन्स नावाच्या अंधूक तारकासमूहात आहे. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी तो भाग वर येतो. आपलं संमेलन एप्रिलमध्येच आहे आणि रात्रीचा मुक्काम गावाबाहेर आहे. माझ्याकडे एक बरी दुर्बीण आहे, ती आणते. मेसेज पाठवणाऱ्याने स्टँड धरायचा. रांग लावू, प्रत्येकाला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ देईन. बाई येणार आहेत असं कळलंय, तेव्हा काय दिसलं ते खरं सांगा.